पिवळा वजा करून

५ ऑक्टोबर, सोमवार

सही केली. सव्वीस नंबरची बॅच गेली एकदाची! चारशे बाटल्या. शेवटचं खोकं गाडीत चढेपर्यंत खिडकीशी उभी राहिले, उगाचच.

दमले. हल्ली रोजच दमते, त्यात नवीन काही नाही. सकाळभर भिंगावर मान वाकवून बसलं की दुपारी चहाचा कप उचलायचाही कंटाळा येतो. "सत्तावन्न म्हणजे काही वय नव्हे," असं आमचे हे म्हणतात. स्वतः निवृत्त झाल्यापासून दुपारी दोन-दोन तास घोरतात. त्यांना बोलायला काय जातंय!

चौदा महिने राहिले. मग मीही घोरेन.

७ ऑक्टोबर, बुधवार

चिमणीने आज डोकं खाल्लं. (नाव मीच ठेवलंय. प्रयोगशाळेत येऊन तिला दीड वर्ष झालं, तेव्हापासून चिवचिव थांबलेली नाही. पण हात चांगला आहे पोरीचा.) म्हणाली, "ताई, जंतू तोच, खाद्य तेच, ऊब तीच. मग एक कॉलनी अशी तुकतुकीत आणि शेजारची रुसल्यासारखी, असं का? पुस्तकातलं नको. तुमचं सांगा."

माझं काय सांगणार! सांगितलं — या जंतूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचा झगा असतो. झगा अंगात असला की ते एकमेकांना न चिकटता सरकतात, नीट पसरतात, आणि लाखोंची मिळून जी कॉलनी होते ती गोल, ओलसर, चकचकीत. कधीतरी एखाद्याला झगा विणताच येत नाही. मग त्याची सगळी पोरंबाळं उघडी. उघडे जंतू एकमेकांना धरून बसतात — कॉलनी कोरडी, दाणेदार, खडबडीत. एकट्या जंतूचं अंग काही दिसत नाही, पण लाखोंचा थर बघितला की झगा आहे की नाही ते कळतं.

आणि आमचं सगळं दुकान त्या झग्यावर चालतं. गाई गाभडतात, पोटातलं वासरू पडतं, त्या रोगाचे हे जंतू. ते वाढवायचे, मारायचे, गुलाबी रंगवायचे, बाटलीत भरायचे. आजारी गाईचं रक्त झगा ओळखतं — थेंबात थेंब मिसळला की दाणे धरतात. निरोगी गाईच्या रक्ताने काही होत नाही. पण जंतू उघडे असले तर रक्त कुणाचंही असो, ते आपले आपणच गोळा होतात. म्हणून बाटलीत झगेवालेच हवेत, निव्वळ झगेवाले.

"आणि ते ओळखावेत तर तुम्हीच!" म्हणाली.

हो. मीच. दिवा समोरून नाही घ्यायचा, आरसा वाकडा करून खालून तिरका उजेड आणायचा. गुळगुळीत कॉलनी निळसर-हिरवी दिसते, खडबडीत पिवळट. एकतीस वर्षं हेच करतेय. पूर्वी प्लेटवर जांभळा रंग ओतूनही बघायचो — उघड्या कॉलन्या रंग पितात, झगेवाल्या पीत नाहीत. सरांनी, आमच्या प्रमुखांनी, ते बंद केलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ताईंची नजर आहे ना!" तेव्हा केवढी फुशारले होते मी!

आता हे कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहिते. गेल्या वर्षाच्या शेवटापासून मला सगळ्याच कॉलन्या पिवळट दिसतात. आधी वाटलं, बी बिघडलं, म्हणजे ज्या जंतूंवरून पुढची बॅच वाढवतो तेच. दोन टाक्या ओतून द्यायला लावल्या. सर वैतागले — "ताई, नजर फार कडक झालीय तुमची. एवढा माल फेकायचा?" मग वाटलं, दिवा जुना झाला. दिवा बदलला. तरी पिवळंच. शेवटी मी माझीच एक रीत बसवली: जेवढा पिवळा दिसतो त्यातून थोडा पिवळा वजा करायचा. उरेल ते खरं. तसंच चाललंय.

८ ऑक्टोबर, गुरुवार

एका पायात काळा मोजा, एका पायात निळा. दिवसभर! चिमणीने निघताना सांगितलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

साबणावरून भांडण. चादरी पिवळ्या पडल्यात, हा साबण पुन्हा आणू नका, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "अगं, पांढऱ्याशुभ्र आहेत." मी म्हटलं, पिवळ्या आहेत. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. तुझी कुठवर आलीय?" असं म्हणून स्वतःच हसत बसले. मला हसू आलं नाही. जेवणही धड गेलं नाही.

मागाहून म्हणाले, पुढच्या शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. बघू म्हटलं. गेलं वर्षभर बघू म्हणतेय.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

गुरांच्या डॉक्टरांचा फोन. या माणसाचा आवाज नेहमीच असा, पलीकडच्या गोठ्यातून हाक मारल्यासारखा. "ताई, तुमची सव्वीस नंबर म्हणजे तलवार आहे, तलवार! रक्त टाकलं न टाकलं तोच दाणे!"

टेकडीपलीकडे एका बाईंचा गोठा आहे. नवरा नाही, एकटीच सांभाळते. बेचाळीस गाई. त्यातल्या अडतीस पॉझिटिव्ह. "बाई म्हणतात, माझी एकही गाय गाभडलेली नाही. सगळेच असं म्हणतात हो." अर्ध्याहून जास्त पॉझिटिव्ह निघाल्या की उरलेल्याही जातात, असा नियम. बावीस तारखेला, गुरुवारी, सगळा गोठा मारणार.

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"दूध काढत होत्या. काढत राहिल्या."

१४ ऑक्टोबर, बुधवार

बेचाळिसातल्या अडतीस. आणि एकही गाभडलेली नाही. असं कसं?

रक्त टाकलं न टाकलं तोच, म्हणाले. तेच डोक्यातून जात नाही. आजारी गाईचं असलं तरी रक्ताला थोडा वेळ लागतो.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. पांढऱ्या टाइलवर सव्वीसचा एक थेंब घेतला. त्यात रक्त नाहीच — नुसतं मीठपाणी. रक्तच नाही म्हटल्यावर दाणे धरायला कारणच नाही. काडीने ढवळलं, चार मिनिटं टाइल हलवत राहिले.

गुलाबी. एकसारखं गुलाबी. हुश्श! विनाकारण जीव टांगणीला लावून घेतला होता. स्वतःशीच हसले.

एवढ्यात चिमणी डबा विसरली म्हणून वर आली. माझ्या खांद्यावरून डोकावली. "ताई, ही कुठली गाय? केवढे दाणे!"

"कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुठे काय? टाइलभर! वाळू टाकल्यासारखे."

मी म्हटलं, जुनं रक्त आहे, नासलंय. टाइल उचलली आणि नळाखाली धरली. खोटं बोलले. एकतीस वर्षांत टाइलवरचं पहिलं खोटं. ती डबा घेऊन गेली, जिन्यात गाणं म्हणत.

बाटल्या बाहेर जाण्याआधी हीच तपासणी होते. मीठपाणी, टाइल, चार मिनिटं. तीही मीच केली होती. 'एकसारखं' असं लिहून खाली सही.

मीठपाण्याला कुठला आलाय गर्भपात!

१७ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांनी नेलंच. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. म्हणाल्या, "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. चांगला जुना आहे. रंग बदललेले जाणवले नाहीत?"

"जाणवले."

"मग आला का नाहीत?"

काय सांगणार! माझ्या नजरेला मान आहे, एवढंच माझ्याजवळ आहे, म्हणून नाही आले. असं सांगता येतं का कुणाला?

डोळ्यातलं भिंगच पिवळं झालंय, निळा रंग आत पोचतच नाही, असं त्यांनी समजावलं. म्हणजे मी ओतून दिलेल्या त्या दोन टाक्या चांगल्या होत्या. आणि मग मी जो पिवळा वजा करत बसले, त्यात खरा पिवळाही वजा झाला.

परत येताना रस्त्यात हे म्हणाले, "अगं, छोटं ऑपरेशन आहे. रडतेस काय लहान मुलीसारखी?"

ऑपरेशनसाठी रडत नव्हते.

१८ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर पडून होते. झोप नाही, जाग नाही.

खरं तेच लिहिते. सकाळी असं वाटलं की गप्प बसावं. झाकली मूठ. सव्वीस संपून जाईल. डोळ्यांचं ऑपरेशन होईल. सत्तावीस चांगली निघेल. चौदा महिन्यांनी निरोपाची भाषणं होतील, सर म्हणतील, ताईंची नजर! टाळ्या. कुणाला कळणार आहे? जगात रोज कुठे ना कुठे गाई मरतात. असं सगळं वाटलं मला, हो, आणि बराच वेळ वाटत राहिलं.

दुपारी ह्यांना सगळं सांगितलं. हे खिडकीची सैल झालेली कडी बसवत होते. ऐकत राहिले, हात थांबला नाही. मग म्हणाले, "किती गाई म्हणालीस?"

"बेचाळीस."

"मग एवढा विचार कसला करतेस?"

आणि मला स्क्रू धरायला सांगितलं. धरला. तो खाली पडला तेव्हा मला काही तो सापडेना, शेवटी ह्यांनीच गुडघ्यांवर बसून शोधला. इतका राग आला स्वतःचा!

१९ ऑक्टोबर, सोमवार

चिमणीला आधी सांगितलं. म्हटलं, बियाच्या प्लेटवर जांभळा रंग ओत आणि काय दिसतं ते मला सांग. तिने ओतला, पाणी सोडलं, बघितलं. "अर्ध्या जांभळ्या झाल्यात, ताई." त्यानंतर गप्प. दीड वर्षात पहिल्यांदा!

बी बिघडलं ते माझ्यामुळेच. मूळ बियाच्या सीलबंद नळ्या थोड्याच राहिल्यात, म्हणून दर वेळी नवी नळी फोडायची सोडून मी प्लेटवरून प्लेटवर तेच बी चालवत आले. असं केलं की हळूहळू उघडेच जास्त तगून राहतात, हे मीच पोरांना शिकवते. पण म्हटलं, नजर आहे ना आपली, बिघडलं तर दिसेलच.

मग सरांकडे गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, मी हे ऐकलंच नाही असं समजू का?"

"नको सर."

"पंचवीसचं काय?"

"पंचवीसची एकही तक्रार आलेली नाही." हे मी पटकन म्हटलं. ठाम म्हटलं.

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग हळूच म्हणाले, "तो जांभळा रंग मीच बंद केला होता." मला एकदम त्यांची कीव आली. माणूस वाईट नाही. म्हणाले, वर कळवतो, पत्र जाईल, तिकडून उत्तर येईल.

"सर, गुरुवारी मारणार आहेत!"

"पत्राला वेळ लागतो, ताई."

२० ऑक्टोबर, मंगळवार

दुपारपर्यंत उत्तर नाही. तीन वाजता मीच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. नियमात बसत नाही. न बसो!

सांगितलं — माझी बॅच खराब आहे. दोष माझा आहे, गाईंचा नाही. तुमच्याकडच्या बाटलीतला थेंब नुसत्या मीठपाण्यात टाकून बघा.

अर्ध्या तासाने उलटा फोन. तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "दाणे," एवढंच म्हणाले. मग, "ताई, मी कधी नुसतं पाणी लावून बघितलंच नाही. बाटलीवर तुमची सही असते, म्हणून."

लेखी द्याल का, विचारलं. दिलं. चिमणीने लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. चिमणीने कागद घट्ट धरून ठेवला.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

थांबवलं. गाई आहेत.

२४ ऑक्टोबर, शनिवार

मला भिंगावरून उठवलं. आता लेबलं चिकटवते. तिथे चिमणी बसते. बाकीचे लोक माझ्याशी फार गोड बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तसं. एकाने तर बाटल्यांचा ट्रे हातातून काढून घेतला — "राहू द्या ताई, मी ठेवतो." डोळे गेलेत बाबा माझे, हात नाही गेले!

वाटलं होतं फार लागेल मनाला. खरं म्हणजे लेबलं लावताना मला झोप येते. कित्येक वर्षांची झोप असावी.

३१ ऑक्टोबर, शनिवार

दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाटल्या मागवून तो गोठा पुन्हा तपासला. बेचाळीसच्या बेचाळीस निर्दोष!

चिमणीने तिथल्या तिथे गिरकी घेतली, सरांना बघून थांबली. सर म्हणाले, "बरं झालं." चौकशी होणार ती होईलच. होऊ दे. घरी आले, बूटही न काढता आडवी झाले.

७ नोव्हेंबर, शनिवार

काल डावा डोळा झाला. आज पट्टी काढली.

चादरी पांढऱ्या आहेत! ह्यांना सांगितलं नाही, चिडवून जीव घेतील. गुपचूप तोच साबण यादीत लिहिला. आकाश किती निळं असतं! उजवा डोळा मिटला की निळं, डावा मिटला की जुन्या पेपरसारखं. खिडकीत बसून किती वेळ हाच खेळ केला. बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, बुधवार

गोठेवाल्या बाई आल्या होत्या. मला भेटायला, मुद्दाम.

माझ्याहून लहान निघाल्या, पंचेचाळीसच्या आसपास. हात केवढे! खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "असू दे. चूक तुमचीच होती, डॉक्टरांनी सांगितलं मला. पण तुम्ही बोललात. कोण बोलतं, ताई?"

मला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. चहा मागवला. त्या गाईंबद्दल सांगत बसल्या. एक म्हणे इतकी चोखंदळ आहे की रेडिओ लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. दोघीही हसलो.

उठताना म्हणाल्या, "माझ्या दिराचं मात्र नशीब नव्हतं एवढं. त्याचा गोठा मे महिन्यात गेला. एकोणीस गाई. त्याचीही एक कधी गाभडली नव्हती बघा. आता शहरात एका गोदामावर राखणीला आहे. बोलत नाही कुणाशी."

"त्याच्या गाई तपासल्या ती बाटली कुठली होती?"

"तुमचीच असते ना नेहमी?" त्या म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन दाबला आणि गेल्या.

मे महिना. म्हणजे पंचवीस. पंचवीस मी जानेवारीत पास केली होती.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

दर बॅचच्या दोन बाटल्या आम्ही मागे ठेवतो. पंचवीसची एक आज फोडली. मीठपाणी, टाइल. या वेळी चिमणीला बोलवायला लागलं नाही. डाव्या डोळ्याने दोन मिनिटांतच दिसले. एकेक दाणा सुटा.

पंचवीसच्या निकालावर अकरा गोठे मारलेत. यादी सरांच्या टेबलावर ठेवून आले. त्या बाईंच्या दिरांच्या गोदामाचा पत्ता मिळवलाय. उद्याची रजा टाकली.